दिवा विझवला, ब्रेकचं काय?



आपल्याकडे म्हण आहे, 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी'. गाडीच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला की आपण लोक नेमकं हेच करतो. दुखणं असतं चाकापाशी आणि इलाज चालू होतो डॅशबोर्डवर. "तेवढा दिवा घालवून द्या हो," असं गिऱ्हाईक सांगतं. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, 'इरेज' दाबतो, दिवा जातो, चार-पाचशे रुपये होतात आणि दोघेही खूश. आठवड्याने दिवा पुन्हा हजर! मग गिऱ्हाईक म्हणतं गॅरेजवाला लुटतो, आणि गॅरेजवाला म्हणतो ही गाडीच तशी आहे.

दिवा घालवणं ही दुरुस्ती नव्हे, हे सांगण्यासाठी हा लेख. तुम्ही म्हणाल, यात काय नवीन? नवीन काही नाही. पण मागच्या सुट्टीत मी चार ठिकाणी विचारलं आणि चारही ठिकाणी 'रिसेट करून देतो' हेच उत्तर मिळालं. शिवाय आपण राहतो रायगडच्या किनारपट्टीच्या पट्ट्यात. इथे हा दिवा लागण्याची कारणं पुण्या-नाशिकपेक्षा थोडी वेगळी असतात, आणि ती इथल्या पोरांना ठाऊक नसतील तर आपल्या मेकॅनिकलच्या डिग्रीचा गावाला उपयोग काय?

ज्यांनी ऑटोमोबाइल हा विषय घेतलेला नाही त्यांच्यासाठी (आणि ज्यांनी घेतलाय पण लेक्चरला मागच्या बाकावर झोप काढली त्यांच्यासाठीही) थोडक्यात सांगतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं आणि गाडी मात्र घसरत पुढे जाते. चाक लॉक झालं की स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार, कारण घसरणाऱ्या टायरला बाजूची पकड उरत नाही. टायरची पकड सगळ्यात जास्त कधी असते? चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण दहा ते वीस टक्के हळू फिरत असतं तेव्हा. एबीएसचं काम म्हणजे चाकाला त्या पट्ट्यात धरून ठेवणं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर, इंजिनच्या खोलीत एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेला व्हॉल्व्हचा ठोकळा आणि एक छोटा पंप. एखादं चाक अचानक मंदावलं की कॉम्प्युटर त्या चाकाचं प्रेशर क्षणभर सोडतो, पुन्हा देतो, पुन्हा सोडतो. सेकंदाला अनेक वेळा. पायाखाली पेडल थरथरतं आणि घर्र घर्र आवाज येतो तो याचाच. (पुष्कळ लोक नेमके त्या वेळी घाबरून पाय उचलतात. पाय उचलायचा नाही, दाबून ठेवायचा आणि गाडी वळवायची. एबीएस त्यासाठीच आहे.)

बॉश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. तेव्हा ती शेठ लोकांची चैन होती. आपल्याकडे एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. १२५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलींनाही त्याच तारखा लागल्या. म्हणजे श्रीवर्धनच्या टुरिस्ट गाडीवाल्यापासून आपल्या पार्किंगमधल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या डॅशबोर्डवर आज हा दिवा आहे. दिवा सगळ्यांकडे पोचला, पण तो वाचायचा कसा हे कुणी सांगितलं नाही.

तर वाचायला शिकू. चावी फिरवली की दिवा दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. ही कॉम्प्युटरची स्वतःची तपासणी. विझला नाही, किंवा चालता चालता लागला, तर कॉम्प्युटर सांगतोय की 'मला काहीतरी चुकीचं दिसतंय, म्हणून मी बाजूला होतो, तुझे साधे ब्रेक तुझे तू बघ.' यात घाबरण्यासारखं नाही. साधे ब्रेक चालूच असतात. गाडी सावकाश, अंतर ठेवून घरी किंवा गॅरेजला नेता येते. पण पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल तर मामला वेगळा! हँडब्रेक वर राहिलाय का बघा. नसेल तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. ऑइल खाली गेलं असेल तर पॅड संपत आलेत किंवा कुठेतरी गळतंय. ऑइल ठीक असूनही दोन्ही दिवे लागलेले असतील, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. आजच्या बऱ्याच गाड्यांत हे वाटपाचं काम एबीएसचाच कॉम्प्युटर करतो. ते बंद पडलं की जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडीचा मागचा भाग फिरू शकतो. अशा गाडीत बसून वरंध किंवा आंबेनळी उतरायला निघणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. टो करून न्या.

आता आपल्या भागाकडे येऊ. चाकापाशी असलेला सेन्सर ही या सगळ्या यंत्रणेतली सगळ्यात गरीब वस्तू. कॉम्प्युटर बॉनेटखाली सुखात असतो. सेन्सर बसतो हबवर, चिखलात, खड्ड्यात, डिस्कच्या उष्णतेत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात जांभ्याची लाल माती, आणि समुद्रावरून येणारा खारा वारा. अलिबाग, मुरुड, दिवेआगर इथल्या घरांच्या खिडक्यांचे गज बघा, मग गाडीखाली काय होत असेल याची कल्पना येईल. त्यात भर म्हणून शनिवार-रविवारी येणारी पर्यटक मंडळी. काशीद-नागावच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, लाटेच्या पाण्यात गाडी घालून फोटो काढतात. भरतीत गाडी अडकली की बातमी होते आणि आपण हसतो. पण जी गाडी अडकली नाही, व्यवस्थित बाहेर आली, तिच्या हबमध्ये खारं पाणी आणि वाळू घेऊन ती घरी गेली. चार महिन्यांनी दिवा लागतो तेव्हा कुणाला काशीद आठवत नाही. आगरदांडा-दिघी किंवा बागमांडले-वेश्वीच्या जंगलजेटीवरून रोज गाडी नेणाऱ्यांचं, आणि २०२० पासून मांडव्याला रो-रो बोटीने येणाऱ्यांचंही थोडंफार तसंच. बोटीवर उडालेलं पाणी गाडीखाली सुकतं आणि मीठ मागे राहतं. गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायला वीस मिनिटं लागतात. पण आपण धुतो काय, तर छप्पर आणि काचा!

हे नुसतं माझं कोकणी पाल्हाळ नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. २००५ साली जनरल मोटर्सला तिथल्या सुमारे आठ लाख पिकअप आणि एसयूव्ही दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कारण काय, तर पुढच्या हबवर सेन्सर टेकतो त्या जागी गंज चढायचा. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे सेन्सर हळूहळू वर उचलला जायचा आणि आतल्या दातेरी रिंगपासून लांब जायचा. सेन्सर आणि रिंग यांच्यामधली फट साधारण एक मिलिमीटरची. ती थोडी वाढली तरी सिग्नल अशक्त होतो. गाडी थांबत आली, वेग अगदी कमी झाला की सिग्नल इतका क्षीण व्हायचा की कॉम्प्युटरला वाटायचं चाक लॉक झालं, आणि तो बिचारा इमानेइतबारे ब्रेक सोडायचा! म्हणजे सिग्नलला थांबताना पेडल थरथरतंय आणि गाडी पुढे सरकतेय. आणि हे होत असताना दिवा लागलेला असेलच असं नाही. उपाय काय केला? सेन्सर काढला, गंज साफ केला, त्या जागेला गंजरोधक लावलं, सेन्सरचा सिग्नल तपासला आणि खराब असेल तरच बदलला. मला या गोष्टीत सगळ्यात आवडलेला भाग हा की एवढ्या मोठ्या कंपनीच्या दुरुस्तीचा मुख्य भाग होता गंज घासून काढणं.

म्हणून तुमच्या घरच्या गाडीचं पेडल कोरड्या, चांगल्या रस्त्यावर, अगदी थांबता थांबता थरथरत असेल तर 'एबीएस चांगलं काम करतंय' असं समजू नका. हबकडे बघा.

आता तपासायचं कसं? पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी. एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह भरपूर करंट खातात. बॅटरी उतरलेली असेल, टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली असेल, तर सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्युटर रुसून दिवा लावतो. पावसाळ्यात पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी चालू केल्यावर दिवा लागला तर आधी बॅटरी आणि फ्यूज. फुकटात होतं. मग टायर. एखादं चाक वेगळ्या मापाचं आहे का? काही गाड्यांत स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान मापाची देतात. ती लावून लांब गेलात तर ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं, आणि कॉम्प्युटरला ते चुकीचं वाटू शकतं.

यानंतर स्कॅनर. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाजारात हजारच्या आत मिळणारं ते निळं ब्लूटूथचं खेळणं आपल्या हॉस्टेलवर तीन-चार जणांकडे आहे. ते मोबाइलला जोडून 'कोड नाही, गाडी ओके' असं सांगतात. बाबांनो, ते मुख्यतः इंजिनचे आणि प्रदूषणाशी संबंधित कोड वाचतं. कायद्याने सक्तीचं आहे ते तेवढंच. एबीएसचा कॉम्प्युटर वेगळा, त्याची भाषा बऱ्याचदा कंपनीची खास. ती भाषा येणारं ॲप किंवा स्कॅनर असेल तरच कोड दिसतो. ताप मोजायच्या थर्मामीटरने बीपी मोजून 'नॉर्मल आहे' म्हणण्यातला हा प्रकार झाला.

योग्य स्कॅनरने समजा कोड आला 'डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर'. इथे दुसरी घाई होते. कोड बघितला, नवा सेन्सर मागवला, लावला, बिल केलं. पण कोड सेन्सर खराब आहे असं म्हणतच नाही. तो म्हणतो की त्या चाकाकडून सिग्नल नीट येत नाही. सेन्सर, वायर, कनेक्टर, रिंग, बेअरिंग, फट, यापैकी काहीही असू शकतं. अपराधी सापडलेला नाही, फक्त घराचा पत्ता सापडलाय! म्हणून कोड पुसायच्या आधी कागदावर लिहून घ्या. हे मी अगदी हात जोडून सांगतो, कारण 'इरेज' दाबल्यावर तो पत्ताही जातो, आणि बिघाड अधूनमधून होणारा असेल तर पुन्हा येईपर्यंत वाट बघत बसा.

मग स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लावून, मोकळ्या सरळ रस्त्यावर, दुसऱ्या कुणाला तरी गाडी वीस-तीसच्या वेगाने चालवायला सांगा आणि तुम्ही आकडे बघा. (चालवणाऱ्याने आकडे बघायचे नाहीत!) तीन चाकं पंचवीस दाखवतात आणि एक शून्य, तर वायर किंवा सेन्सर. चारही बरोबर, पण गाडी थांबताना एक चाक बाकीच्यांच्या आधी शून्यावर पडतं, तर फट किंवा गंज. दर फेऱ्याला एक आकडा उडी मारतो, तर रिंगचा दात तुटलाय किंवा रिंगला तडा गेलाय. ॲक्सलवर दाबून बसवलेल्या रिंगखाली गंज धरला की ती फुगून तडकते, आणि हे आपल्या हवेत होणारच. दहा मिनिटांच्या या चाचणीतून जेवढं कळतं तेवढं अर्धा दिवस अंदाज बांधूनही कळत नाही.

स्कॅनर नसेल तर? मल्टिमीटर, टॉर्च आणि डोळे. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तारेची कॉइल. कनेक्टर सोडवून तिचा रेझिस्टन्स मोजा, साधारण एक-दोन हजार ओहमच्या घरात येतो. आकडा गाडीगणिक बदलतो, पण डाव्या आणि उजव्या बाजूचा जवळपास सारखा हवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं की मिलिव्होल्टमध्ये आकडा हलतो. फॅरेडेचा नियम चाकापाशी बसलाय म्हणा ना! नव्या गाड्यांत मात्र बहुतेक वेळा हॉल इफेक्ट किंवा तत्सम सेन्सर असतो. त्याला कॉम्प्युटरच वीज पुरवतो आणि चाक फिरताना तो करंट दोन पातळ्यांमध्ये, बहुधा ७ आणि १४ मिलिअँपिअरमध्ये, खालीवर करतो. त्याला ओहममीटर लावून 'ओपन आहे, गेला' असा निकाल देणं साफ चूक. कोणता सेन्सर आहे हे आधी बघायचं.

या नव्या प्रकारात आणखी एक गंमत आहे. दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाचे बारीक पट्टे असतात. दिसायला दोन्ही बाजू सारख्या. बेअरिंग बदलताना उलटी बसली की चाक मस्त फिरतं, आवाज नाही, काही नाही, फक्त दिवा लागतो. हलकी टाचणी जवळ नेली की कुठली बाजू चुंबकाची ते कळतं. बेअरिंग बदलल्या दिवसापासून दिवा लागला असेल तर आधी हा संशय घ्यावा.

आमच्या मामांची गोष्ट इथे सांगतो. मामा श्रीवर्धनकडे टुरिस्ट गाडी चालवतात. मुंबईची पार्टी आणायची, दिवेआगर-हरिहरेश्वर फिरवायची, परत सोडायची. गेल्या पावसाळ्यात दिवा लागला. एका गॅरेजने (नाव कशाला घ्या) दोनदा कोड पुसून दिला. तिसऱ्यांदा सांगितलं, "एबीएसचं युनिट गेलं, तीस-चाळीस हजारांना पडेल." मामा मला फोनवर म्हणाले, "अरे, ब्रेक तर लागतायत. दिव्यावर चिकटपट्टी लावू का? पार्टी घाबरते दिवा बघून." मी म्हटलं, "मामा, थांबा, शनिवारी येतो." आलो. चाकं काढली. मागच्या डाव्या चाकाच्या वायरला जिथे क्लिप होती तिथे क्लिप तुटलेली, वायर लोंबून कुठेतरी घासत होती. रबर सोललेलं आणि आतलं तांबं हिरवंगार. नुसता हात लावला तर तुटलं! सेन्सर आणि वायर एकत्र येते तो तुकडा बदलला, कनेक्टर साफ केला, क्लिपऐवजी दोन टाय मारले. गाडी फाट्यापर्यंत फिरवून आणली, दिवा आपोआप विझला. रिसेटसुद्धा करावा लागला नाही. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरला नीट सिग्नल दिसला की तो स्वतःच समाधान मानतो. मामांनी मला जेवायला सुरमई दिली आणि वर म्हणाले, "एवढ्यासाठी चार वर्षं शिकतोस होय?"

हसण्यावारी नेलं मी. पण ते तीस-चाळीस हजार मामांनी कर्ज काढून भरले असते. आणि भरले नसते तर पावसात, माणगावकडे येताना, सहा-सात माणसं भरलेली गाडी चिकटपट्टी लावलेल्या दिव्यानिशी चालली असती.

चिकटपट्टी तरी दिसते. जुनी गाडी विकताना याहून हुशार प्रकार होतात. दिव्याचा बल्बच काढतात, किंवा त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात म्हणजे दोन्ही एकदम लागतात आणि एकदम विझतात. म्हणून घरी कुणी सेकंडहँड गाडी घेणार असेल तर इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून बघा. एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर तोच बिघाड. आणि विझतो तो बाकीच्या दिव्यांच्या तालावर विझतो की स्वतःच्या वेळेने, हेही बघा. पंपाची 'खट्' अशी बारीक आवाजाची तपासणी बऱ्याच गाड्यांत निघाल्यावर थोड्या अंतरात ऐकू येते. रेडिओ बंद करून ट्रायल घ्या.

बॅटरीचं टर्मिनल अर्धा तास काढून ठेवायचा घरगुती उपाय? बहुतेक गाड्यांत एबीएसचे कोड अशा मेमरीत असतात की वीज गेली तरी राहतात. तुमचं घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं मात्र नक्की जातात.

आता ब्रेक ऑइल. त्याचा दिव्याशी थेट संबंध नाही, तरी लिहितो, कारण एबीएसच्या त्या बारीक व्हॉल्व्हमधून हेच ऑइल फिरतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, आणि पाणी शोषलेल्यासाठी प्रमाण किमान १५५ अंशांवर येतं. कोकणच्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलावं. ताम्हिणी उतरताना पेडल स्पंजसारखं झालं की मग आठवण येते. आतून गंजलेला व्हॉल्व्हचा ठोकळा हाच तो खरा तीस-चाळीस हजारांचा खर्च, आणि तो काहीशे रुपयांच्या ऑइलने टळतो.

गॅरेजवाल्यांना मी एवढं बोललो, पण त्यांचीही बाजू आहे आणि ती खरी आहे. महामार्गावरच्या छोट्या गॅरेजवाल्याला कंपनीचा स्कॅनर, वायरिंगचे नकाशे, मॅन्युअल कोण देतं? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. मुद्दा हाच होता की सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि बिघाड शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. पण ज्याला दहावीनंतर मुंबईच्या गॅरेजात पाना धरून धंदा शिकावा लागला, त्याच्या हातात पोर्टल देऊन काय होणार? त्याला सेन्सरचा सिग्नल कसा दिसतो हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवायला हवं. त्याच्याकडे स्कॅनरमध्ये एकच बटण चालतं, म्हणून तो तेच दाबतो.

आणि दाखवणार कोण? आपणच ना! पण आपल्या लॅबमध्ये अजून ड्रम ब्रेकचं कापलेलं मॉडेल आहे, ज्याच्या लायनरवर दर वर्षी नवा रंग लागतो. एबीएसवर व्हायव्हात 'फुल फॉर्म सांगा' एवढा एक प्रश्न येतो. सरांचा मान राखून लिहितो, पण भंगारात निघालेल्या गाडीचा एक हब, एक सेन्सर, एक ड्रिल मशीन आणि इलेक्ट्रॉनिक्स डिपार्टमेंटचा एक ऑसिलोस्कोप आणला तर दोन हजारांत प्रॅक्टिकल उभं राहतं. फट अर्ध्या मिलिमीटरने वाढवत न्या आणि सिग्नल कसा बसतो ते स्क्रीनवर बघा. जर्नलमध्ये उतरवून काढायच्या दहा प्रयोगांपेक्षा हा एक लक्षात राहील. आणि त्या दिवशी आजूबाजूच्या चार मिस्त्रींना बोलावलं तर अजून छान. त्यांच्याकडून आपल्याला जे शिकायला मिळेल ते वेगळंच. गंजलेला सेन्सर न तोडता हबमधून कसा काढायचा हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही, ते मामांच्या शेजारच्या मिस्त्रींनी दाखवलं. आदल्या रात्री तेल मारून ठेवायचं, सकाळी ओढायचं नाही, आधी गोल फिरवून सैल करायचा.

शेवटी आपल्या बाइकवाल्यांसाठी, कारण अर्धं हॉस्टेल तेच आहे. बाइकवर एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी निघून थोडा वेग घेतल्यावर विझतो. उभ्या गाडीवर दिवा पेटलेला बघून शोरूमला पळू नका. दुसरं, गाडी मधल्या स्टँडवर लावून, गिअर टाकून मागचं चाक फिरवत चेन साफ करता ना? मागचं चाक फिरतंय आणि पुढचं उभं, हे बघून कॉम्प्युटर गोंधळतो आणि दिवा लावतो. इथे मात्र बिघाड काही नाही. चावी बंद करा, परत चालू करा, रस्त्यावर एक फेरी मारा, जाईल. तिसरं, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचा फवारा थेट रिंगवर आणि सेन्सरवर मारू देऊ नका. पावसाळ्यात रिंगच्या फटीत लाल चिखल वाळून बसतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. (रूममेटच्या नको.)

फेरी मारूनही दिवा राहिला तर मल्टिमीटर लागेल. तो माझ्याकडे आहे, रात्रीच्या मेसनंतर मी रूमवर असतो. फक्त नेलात तर दोन्ही प्रोबसकट परत आणा. मागच्या वेळी लाल प्रोब कुणी ठेवून घेतला ते अजून कळलेलं नाही.